चौथ्या बिंदूपासून खाली

३ मे

सोनाळ्याच्या वरच्या डोंगरातले सात झरे. सहा नोंदवून झाले, एक राहिला आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीसोबत नकाशा पंधरा तारखेला द्यायचा आहे. कॉलेजात भूगोल शिकवतो म्हणून हे काम माझ्याकडे आलं. करतात मात्र ते गुलाम रसूलभाईच. चाळीस वर्षं त्या डोंगरात बकऱ्या चारल्यात त्यांनी. मी वही धरतो, ते जीपीएसचं मशीन गळ्यात घालून पुढे चालतात.

सहा तारखेला मला मोताळ्याला लग्नाला जायचं आहे. रसूलभाई म्हणाले, "मी एकटाच जाऊन येतो ना सर. मशीन द्या मले." आज त्यांच्या ओट्यावर बसून सगळं पुन्हा समजावलं.

"रूट अन् ट्रॅक येकच नाही का सर?"

म्हटलं, रूट म्हणजे आपण घरी बसून ठरवलेली वाट. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत सरळ रेघ. मध्ये दरी आहे की काय, ते रेघेला कळत नाही. ट्रॅक म्हणजे आपण खरोखर जिथून गेलो ती वाट. मशीन आपल्या मागे ठिपके टाकत जातं.

"म्हंजे रूट म्हंजे लगनपत्रिका, अन् ट्रॅक म्हंजे संसार!"

आतून सरवरीभाभी म्हणाल्या, "तुमच्या संसारात तं मशीनबी भटकलं असतं."

वेपॉइंटचं, म्हणजे जागेची खूण टाकायचं बटण त्यांना आवडतं. जिथे थांबाल, जिथे काही लक्षात ठेवण्यासारखं असेल, तिथे दाबायचं, एवढंच सांगितलं. नंबर आपोआप पडतो. दाबून झालं की मशीन बंद करा, सेल वाचतात.

"मी दाबलं का तुमाले समजन?"

"समजेल. मला सगळं दिसेल."

"मंग बरं हाय," ते म्हणाले. मी फोनवर रूटचे सहा बिंदू टाकत होतो.

घरी येऊन आधीच्या तीन फेऱ्यांचे ट्रॅक साफ केले. दाट झाडीत ठिपके इकडेतिकडे उड्या मारतात, ते काढले. चौथ्या बिंदूपाशी मात्र तिन्ही वेळा एक शेपूट खाली नाल्याकडे लोंबते. तिथे रसूलभाई मला मोहाखाली बसवतात, "तुमी बसा सर, मी येतोच" म्हणतात आणि खाली उतरतात. मशीन त्यांच्याच गळ्यात असतं. माणूस झाडीत कशाला जातो हे विचारायचं नसतं. शेपटं कापून दोन्ही टोकं जोडली. गावापुढे जाणाऱ्या नकाशात कुणाची खासगी गोष्ट कशाला? मूळ फायली ठेवल्या नाहीत. मशीनमध्ये आहेतच.

नकाशा आता स्वच्छ दिसतो.

६ मे, मोताळा

रसूलभाई पहाटे पाचला निघाले असतील. सहाव्या बिंदूवर सातवा झरा, दुपारपर्यंत परत. चारला फोन केला, लागला नाही. वर रेंज नसतेच. इथे उन्हाने मांडव तापला आहे. बायको, रेणुका म्हणाली, "तुमचं ध्यान कुठं हाय? नवरदेवाच्या मामानं दोनदा हाक मारली."

७ मे

सकाळी सातला रुबिनाचा फोन. रसूलभाईंची मुलगी, माझ्याच कॉलेजात शिकली. "सर, अब्बा तुमच्यासंग हायेत ना?"

ते माझ्यासोबत आहेत असं घरी वाटत होतं. मोताळ्याला जाणार हे मी रसूलभाईंना सांगितलं होतं. त्यांनी घरी सांगितलं नाही. एकटा जातो म्हटलं असतं तर भाभींनी सोडलं नसतं.

मोटारसायकलने अकराला सोनाळ्यात पोचलो. पोलीस पाटील पंजाबराव आणि वनरक्षक पुष्पांजली मॅडम तयारच होते. मॅडमची बदली होऊन चारच महिने झालेत, पण चालतात काटक. आम्ही नऊ जण दुपारी वर गेलो. दुसऱ्या बिंदूपर्यंत पोचलो. तिथल्या धुळीत त्यांच्या टायरच्या चपलेचा ठसा स्पष्ट होता. म्हणजे इथवर ते माझ्या रूटवर होते. मला काय आनंद झाला! अंधाराच्या आत परत फिरावं लागलं.

दोन लिटर पाणी होतं त्यांच्याजवळ. पारा चव्वेचाळीसवर. हिशोब करत नाही.

८ मे

आज पूर्ण रूट चाललो. पहाटे निघालो, चौदा जण. माझ्या फोनमध्ये तोच रूट आहे, तेच सहा बिंदू.

तिसऱ्या बिंदूनंतर खडक लागतो, ठसे संपतात. चौथ्या बिंदूवर सव्वादहाला पोचलो. मोहाखाली बसलो. सवयीने मी त्याच मुळावर बसलो, जिथे रसूलभाई मला नेहमी बसवून जातात. पुष्पांजली मॅडमनी शिट्टी वाजवली, तीनदा. सगळ्यांनी हाका मारल्या. मग गप्प राहून ऐकलं. खालून दगडावर दगड पडल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वानरं आहेत, या भागात फार.

तिथून पुढे गेलो.

सहाव्या बिंदूवर झरा खरोखर आहे. टोपलीएवढं डबकं, भोवती चिखल. चिखलात रानडुकराचे पाय, मोराचे पाय, माणसाचे नाहीत. पंजाबराव खाली बसून बराच वेळ पाहत राहिले. "सर, माणूस इथं आलाच नाही."

मी म्हटलं, कडेच्या खडकावरून पाणी घेतलं असेल आणि पुढे गेले असतील. कदाचित मशीनने बाण उलटा दाखवला. सेल उतरले की होतं असं.

असं होत नाही. सेल उतरले की मशीन बंद पडतं, उलटा बाण दाखवत नाही. हे मला माहीत आहे. मग मी चौदा माणसांपुढे तसं का बोललो? ते झऱ्यापर्यंत आलेच नाहीत असं धरलं, तर माझ्या रूटवर कुठेतरी काहीतरी झालं असं होतं. पुढे गेले म्हटलं की ते माझ्या रेघेच्या बाहेर जातात.

घरी आल्यावर लिहिताना हे दिसलं. तिथे दिसलं नव्हतं. की होतं?

९ मे

सहाव्या बिंदूच्या पलीकडे शोधलं. माझ्या सांगण्यावरून. बावीस माणसं, पोलीसही आले. एकाला उन्हाचा झटका बसला, खांद्यावर घालून आणला. काही नाही सापडलं.

चारला रसूलभाईंच्या घरी गेलो. ओट्यावर बायका बसल्या होत्या. सरवरीभाभींनी मला आत बोलावलं, माठातलं पाणी दिलं. पेला मी तसाच खाली ठेवला.

"सर, तुमी त्याच्या वाटेनं गेल्ते ना?"

"हो भाभी. काल पूर्ण वाट चाललो. प्रत्येक बिंदू."

"त्याच्या वाटेनं? का तुमच्या?"

मला राग आला. हे लिहायलाच हवं. तीन रात्री न झोपलेल्या बाईचा मला राग आला. म्हटलं, वाट एकच आहे भाभी, मीच त्यांना काढून दिली होती.

 "तीनदा संग गेल्ते तुमी," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेतला. रुबिना म्हणाली, "अम्मी, सरांले बोलू नको, ते सकाळपासून वर होते." तिने माझी बाजू घेतली. ते ऐकवलं नाही, उठलो.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती अजून कुणाला सांगितली नाही. मोताळ्याचं लग्न सहा तारखेच्या संध्याकाळी होतं. पाच तारखेलाच पहाटे रसूलभाईंसोबत जाऊन येता आलं असतं. त्यांनी विचारलंही होतं, "पाचले जाऊ का सर, दोघं?" मी म्हटलं, मला जमणार नाही. काही काम नव्हतं. ऊन नको होतं. लग्न हे मी नंतर शोधलेलं कारण आहे. गावात सगळे म्हणतात, सर लग्नाला होते म्हणून वाचले. मी मान हलवतो.

१० मे, पहाट

'त्याच्या वाटेनं का तुमच्या.'

साडेचारला उठून लॅपटॉप उघडला. जुने तीन ट्रॅक पाहिले. साफ केलेले, सरळ, सुंदर. रेघेत काहीच नाही. मग प्रत्येक ठिपक्याची वेळ पाहू लागलो. ठिपका पुसला तरी शेजारच्या ठिपक्यांच्या वेळा तशाच राहतात.

पहिली फेरी, चौथा बिंदू: एक ठिपका ९ वाजून १२ मिनिटांचा. त्याला लागून, दहा पावलांवर, दुसरा ठिपका ९ वाजून ५३ चा.

दुसरी फेरी: ८.४० आणि ९.२२.

तिसरी: ९.०५ आणि ९.४४.

तिन्ही वेळा चाळीस मिनिटं. मी वहीत झाडांची नावं लिहीत बसलो होतो, मला ती दहा वाटली होती. झाडीत जाऊन यायला कुणाला चाळीस मिनिटं लागत नाहीत. तिन्ही वेळा एकाच जागेहून, एकाच दिशेला, खाली. माणूस तिथे कुठेतरी जात होता. ती वाट मी कापून टाकली. मूळ ट्रॅक फक्त मशीनमध्ये, आणि मशीन त्यांच्या गळ्यात.

पंजाबरावांना फोन केला आहे. मॅडम निघाल्या. मीही निघतो.

११ मे

काल पावणेनऊला सापडले.

चौथ्या बिंदूपासून सरळ खाली, नाल्याच्या वळणावर. अंतर फार नाही, पण मध्ये उभा कडा आहे, वरून खालचं दिसत नाही, खालची हाक वर येत नाही. कड्याच्या बाजूने एक बारीक वाट उतरते. वाटेचा एक दगड निसटलेला होता. खाली छातीएवढा उंच दगडांचा ढीग आहे, माणसांच्या हातांनी रचलेला, जुना, खालचे दगड शेवाळाने काळे पडलेले. त्याला पाठ टेकून ते बसलेले होते. उजवा पाय मांडीतून मोडला होता. त्यांनी तो दुपट्ट्याने बांधला होता. हाताशी दोन दगड पडलेले, आपटून आपटून कडा पांढऱ्या झालेले.

मी म्हटलं होतं, वानरं आहेत.

 पुष्पांजली मॅडमनी टोपी काढली आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पंजाबराव ढिगाला हात लावून म्हणाले, "मुजम्मिलची जागा हाये ही. रसूलचा लहान भाऊ. मोह येचाले आलता, अस्वलानं फाडला. तीस वर्षं झाली असतीन. मले वाटे ते पलीकडच्या खोऱ्यात झालं." मग त्यांनी खाली वाकून एक दगड उचलला आणि ढिगावर ठेवला. ज्याला जनावराने मारलं त्याच्या जागेवरून जाताना दगड टाकायचा, ही इकडची रीत. जात-धर्म कुणी पाहत नाही. आम्ही सगळ्यांनी टाकले. 

आज मिट्टी झाली. कब्रस्तानात मी मागे उभा राहिलो. माती द्यायला हाक आली तेव्हा रुबिनाच्या मामाने माझ्या दंडाला धरून पुढे नेलं.

१२ मे

पौर्णिमा. विहारात गेलो नाही. रेणुका दिवा लावून आली, खिरीची वाटी समोर ठेवली. म्हणाली, "तुमी मारलं नाही त्याले." मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, "माहीत असतं तं खाल्लं असतं."

१३ मे

सरवरीभाभींकडे गेलो. विचारलं, त्या जागेचं मला आधी का नाही सांगितलं.

"मले वाटलं, न सांगताबी तुमाले समजलं असन. तीनदा संग गेल्ते ना. तुमी म्हणाले वाट पूर्ण पाह्यली. मंग मी म्हटलं, तिथंबी पाह्यलं असन." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुणाले नेत नव्हते तिथं. मलेबी नाही. तुमाले काऊन नाही सांगितलं ठाऊक हाय? सरांले सांगितलं तं सर लगेच नकाशावर टाकतीन, म्हणत."

टाकलं असतं. नंबर दिला असता, नाव दिलं असतं, अक्षांश-रेखांश दिले असते.

मग मी उन्हाचं सांगितलं. पाच तारखेचं, लग्नाचं, सगळं. वाटलं होतं, सांगितलं की काहीतरी होईल. त्या म्हणाल्या, "ऊन तं होतंच सर." आणि बकऱ्यांना पाला टाकायला उठल्या.

१४ मे

पोलिसांनी मशीन परत दिलं. पावतीवर माझी सही. दोरीला अजून माती आहे.

दुपारी रुबिना आली. म्हणाली, आत काय हाय ते मले पाह्यचं हाय. मी तिला नको म्हणू शकलो नाही. दोघांनी मिळून लॅपटॉपला जोडलं.

नवा ट्रॅक सहा तारखेचाच, सकाळी ८.५१ पर्यंत. चौथ्या बिंदूपर्यंत माझ्या रूटच्या आसपास. मग डावीकडे वळण, खाली, आणि ढिगापाशी संपतो. त्यानंतर मशीन बंद.

त्यानंतर वेपॉइंट. ००१ पासून ०१७ पर्यंत. नकाशावर एकच ठिपका दिसतो, कारण सतराही एकाच जागेचे आहेत. एकमेकांवर रचलेले.

सहा तारखेला पाच. सात तारखेला चार. प्रत्येक वेळी मशीन चालू केलेलं, बटण दाबलेलं, पुन्हा बंद केलेलं. मी शिकवलं होतं तसंच. सेल वाचवत होते.

आठ तारखेला सहा. त्यातला एक पहाटेचा. पुढचे पाच १०.२६ ते १०.२९ या तीन मिनिटांतले. तेव्हा मी वर मोहाच्या मुळावर बसलो होतो. मॅडमची शिट्टी त्या वेळची.

नऊ तारखेला दोन. शेवटचा सकाळी ६.५८. त्या वेळी मी बावीस माणसांना घेऊन सहाव्या बिंदूच्या पलीकडे निघालो होतो.

 मी म्हणालो, सवयीने दाबलं असेल. थांबलात की दाबा, असं मीच सांगून ठेवलं होतं. पण एकाच जागेला सतरा वेळा कशाला, ते कळत नाही. तापाच्या ग्लानीत असेल.

रुबिना पडद्याकडे पाहत होती. म्हणाली, "ग्लानीत नाही सर. जायच्या आदल्या दिवशी अब्बा अम्मीले सांगत होते. अम्मी म्हणे, सरांले वर बसवून येकटे खाली नका उतरू. तं अब्बा म्हणे, येकटा कुठं? हे बटन दाबलं का तिकडं सरांले दिसते."

हे मशीन फक्त आकाशातून ऐकतं. ते कुणाला काही सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे पहिल्या तासाला शिकवतो. रसूलभाईंना मी म्हणालो होतो: समजेल, मला सगळं दिसेल. मशीन घरी आलं, जोडलं, मग दिसेल, हे मधलं मी सांगितलं नाही. ते मला इतकं उघड वाटत होतं. ते "मंग बरं हाय" म्हणाले तेव्हा मी फोनमध्ये बिंदू टाकत होतो.

चार दिवस त्यांनी मला हाक मारली. शिट्टी ऐकली तेव्हा पाच वेळा मारली. मी आलोच आहे, वर आहे, आता उतरेन, असं वाटलं असेल. मग शिट्टी पुन्हा वाजली नाही, तेही कळलं असेल. त्यानंतरही दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा दाबलं.

हे मी रुबिनाला सांगावं की नाही, कळेना. तिने विचारलं, "दिसत होतं ना सर तुमाले?"

खरं सांगण्याची मला सवय आहे, त्याचा थोडा गर्वही आहे. मी म्हटलं, "नाही बेटा. दिसत नव्हतं. ते तसं नसतं. मी त्यांना नीट सांगितलं नाही."

ती उठली. दारात जाऊन चप्पल घातली. तिने मला शिवी दिली असती, काही फेकून मारलं असतं, तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अम्मीले नका सांगू सर. तिले वाटते, तुमाले दिसलं म्हणून तुमी दहा तारखेले गेले."

१५ मे

नकाशा दिला. सातवा झरा आहे, सहाव्या बिंदूवर, माझ्या मोजणीनुसार. चौथ्या बिंदूपाशी जोडलेली टोकं पुन्हा सोडवली. वाट तिथे तुटते, बोटभर कोरी जागा, मग पुढे सुरू होते. ढीग दाखवला नाही, नाव घातलं नाही.

ग्रामसेवक म्हणाले, "सर, इथं रेघ तुटली. छापताना राह्यली वाटते."

"नाही. तशीच आहे."

"तपासणीत विचारतीन ना. काय सांगू?"

मी म्हटलं, सांगा, इथून पुढची वाट सरांना माहीत नव्हती.

मशीनमधले सतरा बिंदू पुसले नाहीत. सेल काढून ठेवले आहेत. उद्या पहाटे एकटा वर जाणार आहे. रूट टाकलेला नाही. रेणुकाला जागा सांगून ठेवली आहे, कागदावर काढून, आणि दोनदा तिच्याकडून म्हणवून घेतली आहे.